शहराला स्वतःचा आवाज ऐकवणारा निवेदक



या व्याख्यानमालेचं आजचं पुष्प आकाशवाणीत आयुष्य घालवलेल्या एका निवेदकाच्या स्मृतीला वाहिलेलं आहे. विषय ठरवताना संयोजकांनी मला एवढंच सांगितलं होतं, की रेडिओवर बोला, पण जुन्या गोड आठवणींचा कार्यक्रम नको. मला हे फार आवडलं. रेडिओचा विषय निघाला की आपण सिग्नेचर ट्यून, सकाळची भक्तिगीतं आणि कपाटावरचा मर्फीचा सेट यांच्यात रमतो, आणि निवेदक नावाचा माणूस नेमकं काय काम करतो हा प्रश्न बाजूलाच राहतो. आज मला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. त्यासाठी मी एकाच माणसाचं उदाहरण घेणार आहे. तो मराठी नाही, भारतीयही नाही. तो शिकागोचा. स्टड्स टर्कल. पंचेचाळीस वर्षं त्यानं एकाच शहरात, एकाच स्टेशनवर कार्यक्रम केला. त्याच्याबद्दल वाचताना आणि त्याची ध्वनिमुद्रणं ऐकताना माझं एक मत पक्कं झालं : आपल्या गावाला त्याचं स्वतःचं बोलणं ऐकू येईल अशी व्यवस्था करणं, हे स्थानिक निवेदकाचं खरं काम आहे. बाकीचं सगळं, म्हणजे आवाज, उच्चार, हजरजबाबीपणा, या कामाची साधनं.

शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ सालची सर्वधर्म परिषद आणि विवेकानंद आठवतात. टर्कलचं शिकागो त्या सभागृहापासून दूरचं होतं. कत्तलखान्यांचं, पोलाद कारखान्यांचं, रेल्वेयार्डांचं, दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांचं आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचं ते शहर. तो स्वतः अशाच घरातला. जन्म १६ मे १९१२, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. मूळ नाव लुई. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू, वडील शिंपी आणि आई शिवणकाम करणारी. तो लहान असतानाच कुटुंब शिकागोला आलं आणि १९२६पासून दहाएक वर्षं त्यांनी वेल्स स्ट्रीट आणि ग्रँड अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एकट्या पुरुषांसाठी खोल्या भाड्यानं देणारं एक साधं हॉटेल चालवलं. वेल्स-ग्रँड हॉटेल. गिरणगावातल्या खानावळी आणि गाळे ज्यांना माहीत आहेत त्यांना अशा जागेची कल्पना सहज येईल. तिथे सुतार, खलाशी, छपाई कामगार, निवृत्त रेल्वेवाले, कामगार संघटनेचे कट्टर समर्थक आणि तेवढेच कट्टर विरोधक राहायचे. संध्याकाळी लॉबीत वाद रंगायचे. १९२९नंतर मंदी आली, कामं गेली, आणि हीच माणसं भरदिवसा लॉबीत बसून राहू लागली. पत्ते, दारू, भांडणं वाढली. हे सगळं त्या मुलानं काउंटरमागून पाहिलं. जवळच वॉशिंग्टन स्क्वेअर नावाची बाग होती. लोक तिला ‘बगहाउस स्क्वेअर’ म्हणत. तिथे कुणीही खोक्यावर उभं राहून भाषण ठोकायचं आणि ऐकणाऱ्यांनी त्याला टोकायचं. आपण माणसं ओळखायला हॉटेलच्या लॉबीत आणि या बागेत शिकलो, असं टर्कल आयुष्यभर सांगत आला.

शिक्षण मात्र त्यानं वकिलीचं घेतलं. १९३४ साली शिकागो विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळाली, पण वकिली त्यानं कधीच केली नाही. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारनं बेकार लेखकांना काम देणारी एक योजना सुरू केली होती. तिच्या रेडिओ विभागात तो संहिता लिहू लागला. पुढे रेडिओच्या कौटुंबिक मालिकांमध्ये गुंडांच्या भूमिका केल्या. याच काळात जेम्स फॅरेल यांच्या कादंबरीतल्या स्टड्स लॉनिगन या शिकागोच्याच पोरावरून त्याला ‘स्टड्स’ हे नाव चिकटलं. युद्धकाळात तो हवाई दलात भरती झाला, पण कानाचे पडदे फाटलेले असल्यामुळे परत यावं लागलं. ज्याच्या ऐकण्याची पुढे जगभर वाखाणणी झाली त्याचे कान मुळातूनच अधू होते. म्हातारपणी तर यंत्राशिवाय त्याला जवळपास काही ऐकू येत नसे.

युद्ध संपता संपता त्याला तबकड्या वाजवण्याचा एक कार्यक्रम मिळाला, ‘वॅक्स म्युझियम’. जॅझ, ऑपेरा आणि लोकगीतं तो एकाच तासात एकापाठोपाठ एक लावायचा. त्या काळी कृष्णवर्णीयांचं संगीत आणि गोऱ्यांचं संगीत यांची दुकानंसुद्धा वेगळी होती. शिकागोच्या दक्षिण भागातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या महालिया जॅक्सनचा आवाज गोऱ्या श्रोत्यांच्या घरात नेणाऱ्या पहिल्या काही लोकांत टर्कलचं नाव घेतलं जातं. ही मैत्री पुढे कसोटीला लागली, ते येईलच.

मग टेलिव्हिजन आलं. १९४९च्या सुमारास ‘स्टड्स प्लेस’ नावाची त्याची मालिका सुरू झाली. एक खाणावळ, तिचा मालक, वाढपी बाई, पियानो वाजवणारा आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं, एवढाच पसारा. संवाद लिहिलेले नसत, प्रसंग ठरवून घ्यायचे आणि बोलत जायचं. मालिका लोकांना आवडली आणि तरीही बंद पडली. ही मॅकार्थी काळातली, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून अमेरिकेत माणसांची कामं जात होती तेव्हाची गोष्ट. टर्कलनं पूर्वी अनेक निवेदनांवर सह्या केल्या होत्या. घरभाडं नियंत्रणात ठेवा, मतदानावरचा कर रद्द करा, वंशभेदाचे कायदे मोडीत काढा, अशा मागण्यांची ती निवेदनं होती. वाहिनीतून त्याला सुचवण्यात आलं की कम्युनिस्टांनी मला फसवून सह्या घेतल्या असं म्हणून टाक, काम चालू राहील. तो तयार झाला नाही. काळ्या यादीत गेला, कामं सुटली. बायको आयडा समाजसेविका होती, तिच्या पगारावर घर चाललं.

१९५४ साली सीबीएस या प्रसारण कंपनीनं महालिया जॅक्सनला स्वतःचा रेडिओ कार्यक्रम दिला. कार्यक्रमाचं लेखन टर्कलकडे होतं. एका अधिकाऱ्यानं त्याच्यापुढे निष्ठापत्र ठेवलं आणि सही करायला सांगितलं. महालियानं ते पाहिलं आणि सांगून टाकलं की स्टड्सला काढायचं असेल तर माझ्याजागीही दुसरी महालिया शोधा. विषय तिथेच मिटला. टर्कल हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा. त्या दिवशी सगळ्यात जास्त धोका तिनं पत्करला होता, कारण गोऱ्यांच्या रेडिओवर एका कृष्णवर्णीय गायिकेला मिळालेली ती जागा काही रोज मिळणारी नव्हती.

या पडत्या काळातच, १९५२ साली, त्यानं डब्ल्यूएफएमटी हे शिकागोचं नवं एफएम स्टेशन ऐकलं. अभिजात पाश्चात्त्य संगीत लावणारं हे स्टेशन जेमतेम वर्षभराचं होतं आणि त्यावर वुडी गथ्रीचं लोकगीत वाजत होतं. त्यानं फोन करून विचारलं, मला काम द्याल का? स्टेशनकडे पैसे नव्हते, याच्याकडेही नव्हते. तिथून सुरुवात झाली आणि तो १९९७ अखेरपर्यंत तिथेच राहिला.

श्रोतेहो, आता त्याच्या कामाच्या पद्धतीवर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण त्याच्याबद्दल दंतकथा पुष्कळ आहेत आणि त्या दंतकथांत त्याची मेहनत झाकली जाते.

त्याचा कार्यक्रम पुढे रोज तासाभराचा झाला. पाहुणा लेखक असेल तर त्याचं पुस्तक टर्कलनं अथपासून इतिपर्यंत वाचलेलं असायचं. पानापानांवर पेन्सिलीच्या खुणा, समासात शेरे. बोलता बोलता तो एखादं पान उघडून उतारा वाचून दाखवायचा आणि पाहुण्याला आपलंच लिखाण नव्यानं ऐकू यायचं. १९६१ साली कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन त्याच्याकडे आला. बाल्डविननं एका निबंधात लिहिलं होतं, की आपली पहिली कादंबरी पुरी करायला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्फाळ डोंगरातल्या एका खेड्यात राहिला होता आणि तिथे ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या तबकड्या ऐकत लिहायचा, कारण लहानपणी आपली माणसं कशी बोलायची ते त्याला त्या आवाजामुळे आठवायचं. टर्कलनं मुलाखतीच्या सुरुवातीला प्रश्न विचारलाच नाही. बेसी स्मिथची तबकडी लावली. गाणं संपल्यावर विचारलं, हे ऐकताना काय वाटतं? पुढचा तासभर बाल्डविन जे बोलला ते आजही ऐकण्यासारखं आहे. तो एक प्रश्न विचारायला आधी किती वाचन लागलं असेल याचा विचार करा. मला स्वतःला टर्कलची सगळी विद्या त्या एका तबकडीत दिसते.

सिमॉन द बोव्हार, बर्ट्रांड रसेल, महंमद अली, बॉब डिलन, शिकागोचीच कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स अशी मोठमोठी माणसं त्याच्यासमोर बसली. डिलन आला तेव्हा, १९६३ साली, एकवीस वर्षांचा होता. रसेलची मुलाखत घ्यायला टर्कल १९६२ साली वेल्समध्ये गेला आणि नेमकं तेव्हाच क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचं संकट उभं होतं. ही यादी वाढवत नेता येईल, पण यादी वाढवून टर्कल समजणार नाही. त्याचं वेगळेपण असं, की हीच तयारी आणि हाच आदर त्यानं पोलाद कामगाराला, हॉटेलात वाढणाऱ्या बाईला, टेलिफोन ऑपरेटरला, कबर खणणाऱ्याला दिला. या माणसांनी पुस्तकं लिहिलेली नव्हती. मग त्यांची तयारी कशी करायची? त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, घाई न करता.

तो त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन जायचा. त्या काळी स्पूलवर चालणारं जड यंत्र असायचं, आणि टर्कलला यंत्रं अजिबात जमत नसत. मोटार चालवायलाही तो कधी शिकला नाही. मुलाखत सुरू झाली की कधी स्पूल फिरायचंच नाही, कधी चुकीचं बटण दाबलं जायचं. मार्था ग्रॅहॅम या थोर नर्तिकेची मुलाखत त्यानं अशीच गमावली. पण एखाद्या कामगाराच्या घरी असं झालं की तो कामगारच म्हणायचा, अहो, तुमचं यंत्र चालत नाहीये, थांबा, मी बघतो. मग दोघं मिळून ते दुरुस्त करायचे. रेडिओवरचा मोठा माणूस आणि मुलाखत देणारा सामान्य माणूस हे अंतर तिथेच मिटायचं. टर्कलनं हे ओळखलं होतं, आणि आपण अडाणी आहोत हे तो कधीच लपवत नसे.

एक प्रसंग त्यानं स्वतः अनेक ठिकाणी सांगितला आहे. गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत तो एका तरुण आईशी बोलत होता. तीन-चार पोरं भोवती उड्या मारत होती. आईचा आवाज यंत्रातून ऐकायचा म्हणून त्यांनी हट्ट धरला. टर्कलनं टेप मागे घेऊन लावली. ती बाई ऐकत राहिली, तोंडावर हात गेला, आणि म्हणाली की आपल्याला असं वाटतं हे आजवर मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. टर्कलसाठी तो क्षण सगळ्या पारितोषिकांहून मोठा होता. मी सुरुवातीला म्हटलं, गावाला गावाचं बोलणं ऐकू येणं हे निवेदकाचं काम. त्याचा अर्थ या बाईनं एका वाक्यात सांगितला आहे. माणूस आपलं बोलणं बाहेरून ऐकतो तेव्हा स्वतःच्या अनुभवाकडे विचार म्हणून पाहू लागतो.

याच भेटींतून पुस्तकं झाली. प्रकाशक आंद्रे शिफ्रिन यांनी सुचवलं म्हणून १९६७ साली ‘डिव्हिजन स्ट्रीट : अमेरिका’ आलं. त्यात फक्त शिकागोची माणसं होती. मग १९७० साली महामंदीच्या आठवणींचं ‘हार्ड टाइम्स’, १९७४ साली ‘वर्किंग’, १९८४ साली दुसऱ्या महायुद्धावरचं ‘द गुड वॉर’. या शेवटच्या पुस्तकाला १९८५चं पुलित्झर मिळालं. पण माझ्या मते त्याचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक ‘वर्किंग’. शंभराहून अधिक माणसं त्यात आपण दिवसभर काय काम करतो आणि त्या कामाबद्दल आपल्याला काय वाटतं, एवढंच सांगतात. सुरुवातीलाच एक पोलाद कामगार येतो. त्याची इच्छा अशी, की प्रत्येक गगनचुंबी इमारतीच्या एका बाजूला तळापासून माथ्यापर्यंत एक पट्टी असावी आणि तीवर ती इमारत बांधणाऱ्या गवंड्यांची, वायरमनची, प्रत्येक मजुराची नावं असावीत, म्हणजे मुलाला घेऊन तिथून जाताना बापाला सांगता येईल की तो बघ, त्या मजल्यावर मी आहे. मुंबईत गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे बघताना मला हा माणूस आठवतो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांचं पुस्तक केलं, अनिल अवचटांनी हमालांवर आणि विडी कामगारांवर लिहिलं, तेव्हा आपल्याकडेही अशी एक पट्टी कोरण्याचं काम झालं. दुर्दैवानं रेडिओवर ते फार थोडं झालं.

इथे एक गोष्ट विसरू नये. डब्ल्यूएफएमटीचा श्रोता हा मुख्यतः बेथोव्हेन, मोझार्ट ऐकणारा, शिकलेला, बऱ्या परिस्थितीतला होता. टर्कलनं त्याच श्रोत्यांच्या दिवाणखान्यात शहराच्या दुसऱ्या टोकाची माणसं आणून बसवली. १९६३च्या ऑगस्टमध्ये नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चासाठी शिकागोहून रेल्वेगाडी निघाली, तर हा टेपरेकॉर्डर घेऊन त्याच गाडीत बसला, आणि शिक्षक, धर्मोपदेशक, मजूर, म्हाताऱ्या बाया या साऱ्यांशी प्रवासभर बोलत राहिला. घरी बसलेल्या शिकागोकरांना त्या गाडीतून कोण गेलं आणि का गेलं ते त्याच्या ‘धिस ट्रेन’ या कार्यक्रमातून कळलं. पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंगशी तो बोलला तो महालिया जॅक्सनच्या शिकागोतल्या घरी. ज्या मैत्रिणीनं दहा वर्षांपूर्वी त्याची बाजू घेतली होती तिच्याच घरात.

स्टुडिओबाहेरही तो शहराचा नागरिक होता, आणि कायम बसनं फिरणारा नागरिक होता. बसथांब्यावर तो अनोळखी माणसांशी बोलत राही. एक जोडपं त्याला रोज तिथे दिसे. उंची कपडे, हातात अर्थविषयक वर्तमानपत्र, याच्याशी एक शब्द नाही. एकदा कामगार दिनाच्या आदल्या दिवशी त्यानं संघटनांचा विषय काढला. आम्हाला संघटना आवडत नाहीत, ते म्हणाले. टर्कलनं विचारलं, तुम्ही दिवसाला किती तास काम करता? आठ. अठरा का नाही करत? कारण १८८६ साली याच शिकागोत तुमच्या आठ तासांसाठी माणसं लढली आणि त्यापायी चौघं फासावर गेले. हेमार्केटचा तो इतिहास शिकागोत घडला आणि शिकागोच तो विसरत चाललं होतं, हे त्याचं दुःख होतं. आपल्यालाही हा प्रश्न विचारता येईल. रविवारी आपण सुट्टी घेतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० रोजी मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लढा दिला तेव्हा. आपल्या किती एफएम निवेदकांनी एखाद्या रविवारी सकाळी लोखंड्यांचं नाव घेतलं असेल?

१९८२ साली पेनसिल्व्हेनियातल्या गिरार्ड या छोट्या गावात ‘वर्किंग’ शाळेत शिकवू नये असा आग्रह काही पालकांनी धरला. कामगारांच्या तोंडी शिव्या होत्या, त्या त्यांना खटकल्या. टर्कलनं वर्तमानपत्रात पत्रक काढलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो त्या गावाला गेला, मुलांशी बोलला, पालकांसमोर उभा राहिला, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि आपलं सांगितलं. म्हातारपणीही हा स्वभाव बदलला नाही. २००६ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ग्राहकांच्या फोनची माहिती सरकारला दिल्याच्या आरोपावरून एटी अँड टी कंपनीविरुद्ध झालेल्या दाव्यात तो वादी होता. दावा टिकला नाही, पण तो उभा राहिला. १९५०च्या दशकात ज्याच्यावर पाळत होती त्याला हा प्रश्न परका नव्हता.

त्याच्यावर आक्षेपही घेतले गेले आणि ते मला टाळायचे नाहीत. त्याच्या पुस्तकांत प्रश्न बहुतेक गाळलेले असतात. तासन्‌तासांच्या बोलण्यातून काही पानं उरतात, क्रमही बदललेला असतो. इतिहासकार विचारतात, की हे त्या माणसाचं बोलणं की टर्कलनं रचलेलं? आक्षेपात तथ्य आहे. त्याची सहानुभूती कुणाकडे होती हेही लपून राहत नाही. माझं मत असं, की छापील पुस्तक हे त्याचं साहित्य आहे, ते इतिहासाचं कच्चं साधन म्हणून वाचू नये. आणि ज्यांना मूळ बोलणं हवं आहे त्यांच्यासाठी टेपा आहेत. आपल्या संपादनाची तपासणी करता येईल असा पुरावा मागे ठेवणारे संपादक किती असतात?

त्या टेपांची हकिगत सांगायलाच हवी. त्या काळात टेप महाग असायची. प्रसारण झालं की तीच टेप पुसून पुन्हा वापरायची, ही जगभरातल्या केंद्रांची रीत होती. त्या रीतीपायी किती गवई, किती शाहीर, किती शेतकरी, किती स्वातंत्र्यसैनिक कायमचे मुके झाले याचा हिशेब आता लागणार नाही. टर्कलच्या टेपा राहिल्या. पाच हजार सहाशेच्या वर कार्यक्रम. निवृत्तीनंतर तो त्या घेऊन शिकागोच्या इतिहास संग्रहालयात गेला आणि तिथेही काम करत राहिला. २०१० साली अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयानं त्या टेपा डिजिटल करण्याचं काम अंगावर घेतलं आणि १६ मे २०१८ला, त्याच्या जन्मदिवशी, हा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. आज तो पुण्यात, परभणीत बसूनही ऐकता येतो. बेसी स्मिथच्या तबकडीनं सुरू होणारा तो तास त्यात आहे.

आता आपल्याकडे वळतो. हे सगळं अमेरिकेत शक्य आहे, आपल्याकडे नाही, असं कुणाला वाटत असेल तर १९५६ सालचं पुणे केंद्र आठवावं. युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागातल्या दीडशे गावांत रेडिओ शेती मंडळं स्थापन झाली. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायची, नंतर त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न, शंका, निर्णय केंद्राला लिहून कळवायची. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायचं. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं या प्रयोगाचा अभ्यास केला आणि तो जगभरच्या विद्यापीठांत वाचला गेला. रेडिओनं बोलायचं आणि गावानं ऐकायचं ही एकमार्गी वाट त्या दहा आठवड्यांत दुहेरी झाली होती. पुढे ही मंडळं देशभर पसरली आणि हळूहळू विरली. ती टिकवण्याची गरज कुणाला वाटली नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी आठवण ९ फेब्रुवारी १९९५ची. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना धनिकांची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. तो देणाऱ्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. या निकालामुळे सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली, तरी स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळायला २००६चं धोरण यावं लागलं. मग २००८ साली साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. तिथे गावातल्याच बाया माणदेशी बोलीत बोलतात, ओव्या गातात, पाण्याबद्दल आणि बाजारभावाबद्दल बोलतात. अशी केंद्रं महाराष्ट्रात आणखीही आहेत. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आजही नाही. आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात. गावच्या रेडिओला गावची बातमी सांगायला बंदी, ही तरतूद बदललीच पाहिजे. या व्यासपीठावरून मी ती मागणी करतो.

टर्कल ३१ ऑक्टोबर २००८ रोजी गेला, शहाण्णवाव्या वर्षी. त्याच्याच शहरातला बराक ओबामा चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. ते त्याला पाहायचं होतं, राहून गेलं. शिकागो नदीवरच्या डिव्हिजन स्ट्रीटच्या पुलाला शहरानं त्याच्या हयातीतच त्याचं नाव दिलं होतं. आपली आणि आयडाची राख बगहाउस स्क्वेअरमध्ये विखुरली जावी, असं तो सांगत असे.

इथे जमलेल्यांमध्ये आकाशवाणीचे आजी-माजी कर्मचारी आहेत, महाविद्यालयीन रेडिओ चालवणारी मुलं-मुली आहेत, ग्रंथालयांचे कार्यकर्ते आहेत. तुम्हा सगळ्यांना माझी कामाची विनंती आहे. घरात, स्टोअररूममध्ये, निवृत्त निवेदकांच्या कपाटात पडलेली स्पूलं आणि कॅसेटी शोधा. बुरशी येण्याआधी त्यांची डिजिटल प्रत करून घ्या, आणि एक प्रत आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवा. नवं मुद्रण करणार असाल तर सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगा. पाहुण्याच्या घरी जा, त्याचं काम आधी पाहून घ्या, घाई करू नका, आणि मुद्रण झाल्यावर ते त्याला एकदा ऐकवा. संयोजकांनाही मी सुचवतो, की पुढच्या वर्षी या व्याख्यानाच्या जागी आपल्या शहरातल्या एखाद्या सफाई कामगाराची, एखाद्या परिचारिकेची, एखाद्या बसवाहकाची अशी तासाभराची मुलाखत याच सभागृहात व्हावी आणि तिचं ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. प्रश्न विचारणाऱ्यानं त्यासाठी तयारीला आजपासूनच लागावं.